चापाचे वजन

टिकल्यांचे पिस्तूल हाती आलेल्या चार वर्षांच्या पोराकडे यंदाच्या दिवाळीत जरा निरखून पाहा. एका बोटाने चाप ओढवत नाही म्हणून ते दोन बोटे घालते, मग दुसरा हात मदतीला आणते, जीभ दातांत धरते, आणि ज्या क्षणी टिकली वाजते त्या क्षणी पिस्तुलाचे तोंड समोरच्या ‘चोरा’कडे नसून स्वतःच्याच पायाच्या अंगठ्याकडे असते. थोरांना हसू येते. पण नेमबाजीच्या इतिहासातले एक जुने भांडण त्या अंगणात आपल्या डोळ्यांदेखत चाललेले असते. चाप जड असला की नेम हलतो आणि हलका असला की भलत्याच वेळी बार उडतो. या दोहोंच्या मध्ये कोठे थांबायचे, हे ठरवण्यात माणसाची कैक वर्षे गेली आहेत.

मी भाषा शिकवणारा मास्तर. बंदुकीशी माझा संबंध कादंबरीतल्या शिकारीपुरता. पण आमच्या शाळेतल्या काही मुली गेल्या काही वर्षांपासून हवाई पिस्तुलाच्या नादी लागल्या, आणि त्यांच्यामुळे या चापाने मला पछाडले.

तोड्याच्या बंदुकीत चाप म्हणजे एक लांबलचक दांडी. ती दाबली की जळता तोडा खाली झुकून रंजकाला भिडायचा. बळ लागे, वेळ लागे, आणि तेवढ्यात नळी हले. सोळाव्या शतकात जर्मन मुलखातल्या निशाणबाजांनी यावर तोड काढली. त्यांनी आत एक लहानशी वेगळी कमान बसवली. ती आधी ताणून ठेवायची. मग चापाला नुसता स्पर्श झाला की ती सुटे आणि तिच्या टोल्याने मुख्य खटका निसटे. ताकदीचे काम कमानीने करायचे, बोटाने फक्त निरोप द्यायचा. यालाच इंग्रज ‘हेअर ट्रिगर’ म्हणू लागले, म्हणजे केसाच्या धक्क्यानेही सुटणारा चाप.

या केसाने एक मोठा माणूस मारला असे काहींचे मत आहे. 11 जुलै 1804 रोजी अमेरिकेचे माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन आणि तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष आरन बर हे न्यू जर्सीतल्या वीहॉकन येथे द्वंद्वयुद्धाला उभे राहिले. पिस्तुले हॅमिल्टनच्या साडूची, लंडनला घडवलेली. हॅमिल्टनची गोळी भलतीकडे वर गेली. बरची त्याच्या पोटात शिरली आणि दुसऱ्या दिवशी तो वारला. पुढे 1976 साली अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त त्या पिस्तुलांच्या नकला करताना कारागिरांना आत दडवलेली हलकी कमान सापडली! मग तर्क निघाला की हॅमिल्टननेच ती ताणून ठेवली असावी आणि नेम धरण्याआधीच बार उडाला असावा. त्याच्या साथीदाराने मात्र लिहून ठेवले आहे की कमान ताणू का असे विचारता हॅमिल्टनने नको म्हटले होते. खरे काय ते त्या दोघांबरोबर गेले. माझ्यातल्या कादंबरीकाराला पहिली हकीकत आवडते, मास्तराला दुसरी पटते.

आता हवाई पिस्तुलाकडे वळू. हवेची बंदूक म्हणजे जत्रेत फुगे फोडायचे खेळणे, असा आपला समज. ऑस्ट्रियाच्या सैन्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस जिरार्दोनीची हवेची बंदूक शिपायांच्या हाती दिली होती, हे सांगितले की माणसे चकित होतात. पण तिला खेळाची प्रतिष्ठा आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. हरलेल्या जर्मनीत शस्त्रे घडवायला बंदी आली आणि नामांकित बंदूक-कारागिरांचे हात रिकामे झाले. पुढे हवेच्या बंदुका करायची मोकळीक मिळताच हे हात त्यांत रमले. वॉल्थर कंपनीचे एल. पी. 53 हे पिस्तूल त्याच काळातले. 1963 च्या जेम्स बाँडच्या चित्रपटाची छायाचित्रे काढताना खरे पिस्तूल आणायचे राहिले, म्हणून छायाचित्रकाराने स्वतःचे हेच हवाई पिस्तूल शॉन कॉनरीच्या हाती दिले, आणि छर्ऱ्यांचे पिस्तूल उराशी धरलेला तो गुप्तहेर जगभर भिंतींवर झळकला. असो.

खरी क्रांती केली ओबर्नडॉर्फ गावच्या फाइनवेर्कबाउ या कारखान्याने. तो काढणारे दोघे पूर्वी माउझर बंदुकांच्या कारखान्यातले. त्यांनी 1965 साली ‘मॉडेल 65’ नावाचे पिस्तूल बाजारात आणले. आतल्या दट्ट्याचा धक्का हाताला लागू नये म्हणून त्याचा वरचा भाग मागे सरकत असे. पण मला मौज वाटते ती त्याच्या चापाची. एक कळ फिरवली की तोच चाप पाचशे ग्रॅमवर सुटायचा आणि उलट फिरवली की 1360 ग्रॅमवर. 1360 ग्रॅम म्हणजे तीन पौंड. मोठ्या काडतुसाच्या पिस्तुलाला तेव्हा निदान तेवढा जड चाप हवा असा स्पर्धेचा नियम होता. (पुढे तो हजार ग्रॅमवर आला.) म्हणजे घरात हवेवर सराव करून बोटाला जड चापाची सवय ठेवायची आणि कळ फिरवून हलक्या चापाने हवाई स्पर्धाही खेळायची, अशी दुहेरी सोय.

हलका चाप का हवा, याचे गणित सातवीच्या मुलालाही जमेल. पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण 33 सेंटिमीटर अंतर असते आणि लक्ष्य दहा मीटरवर, म्हणजे त्याच्या तीसपट. बोटाच्या ओढीने माशी एक मिलिमीटर सरकली तर छर्रा तीन सेंटिमीटर सरकतो. दहा गुणांचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटर रुंद. दहाच्या जागी सात! त्यात उभे राहून एकाच हाताने पिस्तूल पेलायचे, त्याचे वजन किलोभर. त्याच्याहून जड चाप ओढणाऱ्या लहान मुलाचा नेम राहील कसा?

मग पाचशे ग्रॅमच्याही खाली का जाऊ नये? अभिनव बिंद्राने 2008 साली ज्या हवाई रायफलीच्या प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तिथे चापाला किमान वजनाची अटच नाही; पण रायफल दोन्ही हातांत आणि खांद्यात बसलेली असते. एकहाती पिस्तूल क्षणात वळते, म्हणून त्याला केसाचा चाप मना आहे. 1988 साली सेऊलला हवाई पिस्तूल ऑलिंपिकमध्ये आले आणि आजही मर्यादा पाचशे ग्रॅमचीच. स्पर्धेच्या वेळी नळी उभी धरून चापाला पाचशे ग्रॅमचे वजन अडकवतात आणि ते टेबलावरून उचलतात. वजन उचलले जाण्याआधी चाप सुटला तर ते पिस्तूल चालत नाही. लहान मुलांची म्हणून त्यात सूट नाही.

इथेच उतावळ्या पालकांची गाडी अडते. आमच्या एका मुलीचे बोट चापाला जेमतेम पोचे. जुने, नळी मोडून भरायचे पिस्तूल, चाप दगडासारखा. घरच्यांनी ते तालुक्याच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने आतली कमान छाटली आणि ज्या दाताने दट्ट्या अडवून धरलेला असतो तो दात कानशीने घासला. चाप लोण्यासारखा झाला. चौथ्या दिवशी छर्रा भरता भरता नळी आपोआप फटकन मिटली. मुलीचे बोट नशिबाने आत नव्हते. पण त्यानंतर तिने महिनाभर पिस्तुलाला हात लावला नाही, आणि बाप म्हणाला, “पोरीच्या जातीला हे झेपायचं नाही.” त्या वाक्याचा मला आजही राग येतो.

चाप हलका करायची खरी विद्या कानशीत नाही, वाटणीत आहे. चांगल्या पिस्तुलाचा चाप दोन टप्प्यांत सुटतो आणि नियम मोजतो ती दोहोंची बेरीज. स्क्रू फिरवून चारशे ग्रॅम पहिल्या टप्प्यावर टाकले, तर शेवटी शंभरच उरतात. पहिला टप्पा नेम धरताधरता घ्यायचा. छर्रा सुटतो तो उरलेल्या शंभरावर. वजन पुरते पाचशे, नियम शाबूत, दात शाबूत. चापाचे पाते मागे घेता येते, म्हणजे लहान बोट पोचते. मुठीचे लाकूडही लहान हाताचे मिळते.

वीज वापरून सुटणारे चापही आता निघाले आहेत, पण त्यांचीही खात्री नाही. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, 19 वर्षांच्या मनू भाकरच्या पिस्तुलाची विजेची यंत्रणा ऐन स्पर्धेत बिघडली. दुरुस्तीत वेळ गेला. तिचे 575 गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पुढे 2024 साली पॅरिसला याच प्रकारात तिने कांस्यपदक घेतले. आमच्याकडे कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते 25 मीटर पिस्तुलात, जिथे चाप हजार ग्रॅमचा, हवाईच्या दुप्पट.

ती मुलगी पुन्हा आली. यंदा जिल्ह्याच्या स्पर्धेआधी तिने क्लबच्या पिस्तुलाचा चाप माझ्यासमोर स्वतः लावला. तपासायला वाण्याकडून अर्ध्या किलोचे माप मागून आणले होते. सुतळीत बांधून तिने ते चापाला टांगले आणि हळूहळू उचलले. माप टेबलावरून वर आले, लोंबकळले, आणि चाप सुटला नाही.