परवल, पॅरोल आणि पोराची आयडी

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातून कैदी पॅरोलवर सुटतो. दिंडोरीतलं पोरगं मोबाइलवरच्या गेमच्या खात्याला पासवर्ड लावतं, आणि त्या पासवर्डला आपण छापील मराठीत परवलीचा शब्द म्हणतो. पॅरोल आणि परवल हे मुळात एकच. एकच परका शब्द आपल्याकडे दोनदा आला: आधी पलटणीबरोबर, मग कोर्टकचेरीबरोबर. पहिल्या वेळी आपण त्याला इतका मराठी करून टाकला, की दुसऱ्यांदा दारात उभा राहिला तेव्हा ओळखलाच नाही.

खुणेचा शब्द ही कल्पना अर्थातच जुनी आहे. भीष्मपर्वाच्या आरंभी, युद्धाला तोंड लागण्याआधी, युधिष्ठिर आपल्या सैन्याला ओळखीच्या संज्ञा ठरवून देतो. रोमन छावणीत रोज रात्री लाकडी पाटीवर लिहिलेला शब्द तुकडीतुकडीतून फिरे. पाटी परत आली नाही की ती कुठे अडली याचा शोध लागे. पॉलिबियसनं हे सविस्तर सांगितलं आहे, म्हणून इथे थांबत नाही.

आता परवल. भाजीवाल्याकडचं परवल वेगळं. ते संस्कृत पटोलावरून आलं, त्याचा पहाऱ्याशी संबंध नाही. पहाऱ्याच्या परवलीबद्दल तीन तर्क करता येतात. परवान्यावरून आली हा पहिला. अर्थ जवळचा वाटतो, पण परवान्यातला ‘न’ जाऊन ‘ल’ कुठून आला याला उत्तर नाही. हा तर्क सोडून देऊ.

दुसरा तर्क पोर्तुगीज, आणि तो मला बरेच दिवस मोहात पाडत होता. पोर्तुगीजांनी आपल्याला चावी दिली, काडतूस दिलं, तुरुंगसुद्धा त्यांच्याच ‘ट्रोंको’वरून आला. कुलूपबंद करण्याची एवढी सामग्री त्यांनी दिली, तर परवल का नाही? पोर्तुगीजमध्ये शब्दाला म्हणतात ‘पालाव्रा’. त्यात ‘व’ आहे, आणि तो इंग्रजी ‘पॅरोल’मध्ये नाही. ‘र’ आणि ‘ल’ यांनी जागा बदलल्या की पालाव्राची परवल होते. दिसायला झकास.

पण गोम अशी, की पोर्तुगीज शिपाई खुणेच्या शब्दाला पालाव्रा म्हणतच नव्हता. त्याच्याकडे त्यासाठी ‘सेन्या’ हा स्वतंत्र शब्द होता. उसना घ्यायचाच तर पहारेकऱ्याच्या तोंडचा शब्द घेतला जाईल, व्याकरणातला नव्हे. हीच फूटपट्टी फ्रेंचांना लावली तर तेही बाद होतात. ‘पारोल’ हा शब्द फ्रेंचांचाच, पण त्यांचा पहारेकरी विचारे तो ‘मो दोर्द्र’. उरला तिसरा तर्क, इंग्रजीचा: पारोलला पहाऱ्यावर उभं केलं ते इंग्रजांनी.

मग तो ‘व’? त्याचं उत्तर आपल्याच घरात आहे. मराठीत ‘अव’ आणि ‘ओ’ यांची अदलाबदल नित्याची. लवणाचं लोण झालं, नवनीताचं लोणी झालं. उलट दिशेनं दौलतीची दवलतही झाली. परोल किंवा परौल ऐकणाऱ्या मराठी कानानं त्याची परवल केली, यात पोर्तुगीजांची मदत लागत नाही. पुढे परवल म्हणजे काय हे विसरायला झालं, म्हणून तिला ‘शब्द’ची शेपटी जोडली. परवलीचा शब्द म्हणजे खरं तर शब्दाचा शब्द.

कधी झालं हे? माझा अंदाज १७८४ ते १८१८ या चौतीस वर्षांचा. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी द बॉयन्यला कवायती कंपू उभारायला ठेवलं. तो सॅव्हॉयचा, बोली फ्रेंच. त्यामुळे फ्रेंच पक्षाचे लोक त्याला आपला साक्षीदार म्हणून उभा करतील. पण हा गृहस्थ त्याआधी कंपनीच्या मद्रासच्या पायदळात नोकरी करून आलेला, आणि त्याच्या हाताखाली इंग्रज अंमलदारांचा भरणा. त्या छावणीत रात्रीचा शब्द इंग्रजी पद्धतीनंच फिरत असणार. पलटण, कंपू, कप्तान हे शब्द ज्या वाटेनं रुळले, त्याच वाटेनं परवलही आली.

दुसरा प्रवेश सरळ आहे. पॅरोल म्हणजे दिलेला शब्द, वचन. युद्धकैद्यानं पुन्हा शस्त्र उचलणार नाही असा शब्द द्यायचा आणि सुटायचं. तुरुंगाच्या कायद्यानं हा अर्थ उचलला. मुंबई राज्याचे १९५९ चे नियम फर्लो आणि पॅरोल या दोघांचे मिळून आहेत, आणि फर्लोही मूळची शिपायाची रजाच. म्हणजे छावणीतले दोन शब्द जोडीनं तुरुंगात गेले.

ही व्युत्पत्ती इतकी ताणून धरण्याचं कारण पुढे आहे. छावणीतला पॅरोल एकटा नसे. जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याचे रोजचे हुकूम पाहा. वर तारीख, मग पॅरोल म्हणून एक शब्द, आणि काउंटरसाइन म्हणून दुसरा. बहुधा गावांची किंवा माणसांची नावं. पॅरोल पहाऱ्यावरच्या अंमलदारांसाठी, काउंटरसाइन पहारेकऱ्यांसाठी आणि रात्री ये-जा करणाऱ्यांसाठी. एक फुटला तरी दुसरा शाबूत. आणि दोन्ही दुसऱ्या दिवशी रद्दी. फितुरानं कालचा शब्द विकला, तरी गिऱ्हाइकाच्या हाती शिळा माल.

संगणकानं यातला निम्माच वारसा घेतला. १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटानं एकाच यंत्रावर अनेकांनी काम करण्याची सोय केली, आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. एकच शब्द, आणि तोही रोज न बदलणारा. पुढच्याच वर्षी ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्यानं यंत्रावर जास्त वेळ मिळावा म्हणून पासवर्डांची सगळी यादी छापून घेतली. १९६६ मध्ये तर कोणी चोरायचीही गरज उरली नाही. दोन फायलींची अदलाबदल झाली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले.

गेमवाल्यांनी हेच अर्धवट कुलूप पुढे वापरलं. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रुबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांचा ‘मड’ हा अनेकांनी मिळून खेळायचा संगणकावरचा खेळ सुरू झाला, त्यातही पासवर्डच. २००९ च्या डिसेंबरात सोशल मीडियावरची ॲप आणि खेळ बनवणाऱ्या रॉकयू कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले, तेही उघड्या अक्षरांत साठवलेले. त्यात सर्वाधिक वापरलेला होता १२३४५६. एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कची ७ कोटी ७० लाख खाती उघडी पडली.

हरवलेला अर्धा भाग परत आणण्यात मात्र गेमवालेच पुढे होते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधलं सोनं खोटं, पण ते विकून मिळणारा पैसा खरा. त्यामुळे खाती लुटणं हा धंदा झाला होता. जून २००८ मध्ये ब्लिझार्डनं किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचं एक छोटं यंत्र विकायला काढलं. बटण दाबलं की आकडे उमटायचे, आणि ते थोड्याच वेळात बाद व्हायचे. अशी यंत्रं मोठ्या कचेऱ्यांत आधीपासून होती, पण ती खेळणाऱ्या पोरांच्या हाती आली ती इथे. आपल्या रिझर्व्ह बँकेनं कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला दुसरी खात्री सक्तीची केली ती १ ऑगस्ट २००९ पासून, म्हणजे नंतर. माझं म्हणणं असं, की पासवर्डला परवल म्हणणं ही चूक आहे. परवलीचा खरा वंशज ओटीपी. तो ठरावीक काळच जगतो, आणि दुसऱ्या खुणेच्या जोडीनं येतो.

तरीही आयडी, म्हणजे गेमची खाती, जातात. ओळखीतल्या एका पोराची गेली ती अशी. स्क्वॉडमधल्या मित्राच्या नावानं मेसेज आला, फ्री यूसी (गेममधलं चलन) मिळतेय, लिंक उघड. पान हुबेहूब लॉगिनचं. त्यानं पासवर्ड टाकला. लगेच फोनवर ओटीपी आला आणि पाठोपाठ मेसेज, ‘भाई, तुझ्या नंबरवर कोड आलाय, पटकन टाक, ऑफर जाईल.’ त्यानं टाकला. पलीकडच्यानं खात्याचा ईमेल बदलला, नंबर काढला, जुन्या सगळ्या फोनांतून लॉगआउट केलं. दोन वर्षं जमवलेल्या स्किनसकट आयडी गेली. पोराच्या बापाला वाटलं, गेमच आहे, सुटला. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

दिंडोरी तालुक्याला हा प्रकार नवा वाटायला नको. आशेवाडीच्या डोक्यावर रामशेज आहे. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं त्याला वेढा घातला आणि शहाबुद्दीन खानापासून एकेक सरदार तिथे हात टेकून गेला. खाफी खान लिहितो, की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, कातडं मढवलेल्या लाकडी तोफांनी मराठे मारा करत. दमदमे बांधून झाले, एका अंगाला गलबला करून दुसऱ्या अंगानं दोरावरून चढण्याचा डावही झाला. काही चाललं नाही. पाच वर्षांनी गड गेला तो फितुरीनं, लाच देऊन. शिवाजी महाराजांनी गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीचे तीन अंमलदार ठेवण्याचा शिरस्ता घातला होता, तो नेमका याच भीतीनं. एकाच्या हाती सगळ्या चाव्या नकोत.

मे २०२० मध्ये रोब्लॉक्स या गेमबद्दल अशाच फितुरीची बातमी आली. एका हॅकरनं आतल्याच एका माणसाला पैसे चारून ग्राहकसेवेच्या पटलात प्रवेश मिळवला. तिथून त्याला खेळणाऱ्यांचे ईमेल दिसत होते, पासवर्ड बदलता येत होते, आणि दुसरी खूणही काढून टाकता येत होती. पोरांनी पासवर्ड कितीही अवघड ठेवला असता तरी फरक पडला नसता. सबनीस आणि सरनोबत असते तर कदाचित पडला असता.

रामशेज पुन्हा पडला तो १८१८ मध्ये, तोही न लढता. त्र्यंबकगड इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यापाठोपाठ या भागातल्या सतरा गडांनी दारं उघडली, त्यात हा एक. दिंडोरी तालुक्यात रात्रीच्या पहाऱ्याला पॅरोल हा शब्द पहिल्यांदा विचारला गेला तो तेव्हा, असं मी धरून चालतो. शिंद्यांच्या कंपूतला कोणी शिपाई त्याआधी रजेवर इकडे येऊन गावात परवलीच्या गप्पा हाणून गेला असेल, तर तारीख वीसेक वर्षं मागे न्यायची माझी तयारी आहे. पोर्तुगीजांपर्यंत मात्र नाही.