घरचा मेन बोर्ड बदलताना

आदिलाबादेतल्या आपल्या जुन्या घरांत मीटरजवळ अजूनही लाकडी फळी, मेन स्विच आणि चिनी मातीचे किटकॅट फ्यूज दिसतात. हे बोर्ड दिवे-पंख्यांच्या काळातले. आता एसी आला, गिझर आला. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार बांधली जाते. मग फ्यूज उडत नाही, पण भिंतीतली वायर तापते आणि आगीचा धोका राहतो.

आधी भार मोजावा. दीड टनाचा एसी सुमारे १.८ किलोवॅट, गिझर २, एक एचपीची मोटार सुमारे १, एकूण ४.८ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण २१ अँपिअर. मुख्य एमसीबी ३२ अँपिअरचा घेतला, तर मीटरपासून बोर्डापर्यंत ६ चौरस मि.मी.ची तांब्याची वायर हवी. जुनी बारीक वायर तशीच ठेवून मोठा एमसीबी बसवला, तर धोका तोच.

एमसीबी वायरला जपतो. माणसाला जपतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. दोन्हींबरोबर अर्थिंगही तपासून घ्यावे.

पैनगंगेपलीकडच्या आपल्या सोयऱ्यांकडे महावितरणची वीज, आपल्याकडे एनपीडीसीएलची. म्हणून मंजूर भार वाढवण्याचा अर्ज इथल्याच वीज कार्यालयात करावा. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणारी तार जिवंतच असते. मीटरचे सील तोडू नये. पुरवठा कंपनीकडून बंद करून घ्यावा आणि काम परवानाधारक वायरमनकडूनच करावे.