पाळीचा भोंगा आणि घराची घटिका

पिंपरी-चिंचवडचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या नावांनी सांगितला जातो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९८२ साली महानगरपालिका आली. २००९ साली चाकणला फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. परंतु या इतिहासाची एक बाजू घरातल्या घड्याळाचीही आहे. तीन पाळ्यांच्या भोंग्याने येथील कुटुंबांची झोप, जेवण आणि भेटीगाठी ठरविल्या. रातपाळी करून आलेले वडील दिवसा झोपत, तेव्हा लहानग्यांना शांत ठेवणे हे आईचे मोठेच काम असे. पूर्वी तिच्यापुढे अंगण होते, शेजारीण होती, गोष्ट होती.

१९७३ साली सिंहगडावरील केंद्रामुळे पुणे परिसरात दूरदर्शन दिसू लागले. त्या वेळी कार्यक्रम संध्याकाळी सुरू होत व रात्री संपत. पडदा स्वतःच मिटत असे, म्हणून घराला निराळा नियम करावा लागला नाही. पुढे केबल आली आणि २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट. ज्याला शेवटच नाही, असा पडदा मुलांच्या हाती आला.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि फोन हीच शाळा झाली. जुलै २०२० च्या ‘प्रज्ञाता’ या केंद्रीय मार्गदर्शिकेने पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका सुचविल्या होत्या. तासिका संपत, फोन मात्र हातातच राही. शाळा उघडल्या, तरी सवय सुटली नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे सांगणे असे, की २ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास व ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांहून कमी वेळ पडदा असावा. झोप, खेळ, अभ्यास व घरातील संभाषण यांचा वेळ पडद्याने खाऊ नये, हा त्यामागील विचार.

हा विचार सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून आचरणात आणला. संध्याकाळी सातला गावच्या देवळावरील भोंगा वाजे, घरोघरचे फोन व दूरदर्शन संच बंद होत. साडेआठला दुसरा भोंगा होई. आरंभी कित्येकांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. स्त्रियांनी ती उचलून धरली. यातील मर्म असे, की बंदी एकट्या मुलांवर नव्हती. थोरांचा फोनही त्याच वेळी बाजूला ठेवला जाई.

आमच्या पट्ट्यात सातचा भोंगा सर्वांना लागू पडणार नाही. कोणाची दुसरी पाळी तेव्हा चालू असते, कोणी कंपनीच्या बसमध्ये असतो. म्हणून प्रत्येक घराने आपली घटिका आपल्या पाळीप्रमाणे ठरवावी. पाळी बदलली की तीही बदलावी. त्या वेळी सर्वांचे फोन एकाच फळीवर असावेत. जेवताना आणि निजण्यापूर्वी तासभर पडदा नसावा. कामावरील वडिलांशी मुलाने फोनवर दोन शब्द बोलावेत, त्यास आडकाठी नको.

रातपाळीच्या घरात फोन ही सर्वांत स्वस्त शांतता आहे, हे आम्ही जाणतो. थकलेल्या आईला दोष देऊन काही साधणार नाही. दुपारी तिचे मूल तासभर आपल्या ओट्यावर खेळू देणारा शेजार मात्र आपण पुन्हा उभा करू शकतो.