मूळव्याध, फिशर की भगंदर? फरक असा ओळखा

शौचाला रक्त पडलं की बहुतेक जण ‘मूळव्याध झाली’ असं स्वतःच ठरवतात आणि लाजेपोटी दुकानातलं मलम लावत राहतात. पण त्या जागेचा प्रत्येक त्रास मूळव्याध नसतो.

मूळव्याध : गुदद्वारातील रक्तवाहिन्यांच्या गाद्या सुजतात. आतल्या मूळव्याधीत सहसा दुखत नाही, पण लालभडक रक्त पडतं. पुढे मोड बाहेर येतो. बाहेरच्या मोडात रक्त गोठलं तर मात्र अचानक खूप दुखतं.

फिशर : बहुधा कडक शौचामुळे चीर पडते. शौचाच्या वेळी असह्य वेदना होतात आणि नंतरही बराच वेळ आग होते.

भगंदर : बहुधा गळूनंतर आतून बाहेर नळीसारखा मार्ग तयार होतो आणि पू येत राहतो. यावर सहसा शस्त्रक्रियाच लागते.

उपाय काय?
मूळव्याध आणि फिशरमध्ये आधी बद्धकोष्ठता घालवावी लागते. भाज्या, फळं, कडधान्यं, भरपूर पाणी, गरजेनुसार इसबगोल घ्यावं. कुंथू नये, मोबाइल घेऊन बसू नये. कोमट पाण्याच्या टबात १०-१५ मिनिटं बसल्याने आराम पडतो. तरीही रक्त थांबलं नाही तर डॉक्टर मोडाला रबर बँड लावतात. फिशरसाठी स्नायू सैल करणारं मलम देतात.

डॉक्टरांकडे कधी?
काळी शौच, घटतं वजन, रक्त कमी होणं, शौचाच्या सवयीत बदल किंवा पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसणं, यांपैकी काहीही असल्यास तपासणी टाळू नये. आतड्याच्या कर्करोगातही असंच रक्त पडू शकतं आणि तो लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता जास्त असते.