माथेरानचा उतार, समुद्रातल्या विहिरी आणि सांडपाण्याचा हिशेब

माथेरानच्या डोंगरावर पडणारा पाऊस तीन वाटांनी समुद्राला जातो. नेरळ-कर्जतच्या अंगाने उतरणारे पाणी उल्हास नदीला मिळते आणि वसईच्या खाडीला लागते. पश्चिमेच्या कड्यांवरचे पाणी गाढी नदीतून पनवेलच्या खाडीत येते. दक्षिणेला खालापूरच्या बाजूचे पाणी धावरीतून पाताळगंगेत आणि तिथून धरमतरच्या खाडीत जाते. या खाडीचे तोंड ज्या करंजाजवळ समुद्राला भिडते, ते उरण तालुक्यात आहे. आणि त्याच तालुक्यात मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचे तेल आणि वायू नळांमधून किनाऱ्यावर येतात. माथेरानच्या परिसरात कुणी तेलाची विहीर खोदलेली नाही. तरीही तेलविहिरींच्या सांडपाण्याचा इतिहास समजून घ्यायचा तर या उतारापासून सुरुवात करणे योग्य ठरते. घाण पाणी मोठ्या पाण्यात सोडले की त्याची विल्हेवाट लागली, ही समजूत याच उतारावर अनेक वर्षे मुरली आणि पुढे समुद्रातल्या विहिरींपर्यंत गेली. ही समजूत चुकीची होती आणि आजही आपल्या नियमांत ती अर्धी शिल्लक आहे, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात विजेपासून झाली. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळा, वळवण, शिरोटा इथल्या तलावांतले पाणी खरे तर पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जायचे. ते अडवून नळांतून घाटाखाली आणले गेले आणि वीज तयार झाल्यावर पाताळगंगेत सोडले गेले. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र उभे राहिले आणि आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी उल्हासला मिळू लागले. सह्याद्रीच्या पायथ्याच्या नद्या पावसाळा सरला की आटतात. या दोन नद्या मात्र माणसाच्या हाताने बारमाही झाल्या. त्याची किंमत घाटमाथ्याने मोजली. याच मालिकेतल्या पुढच्या धरणासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. पायथ्याशी मात्र उन्हाळ्यातही वाहणारे पाणी, जवळून जाणारा रेल्वेमार्ग, मुंबई-पुणे रस्ता आणि वीज या गोष्टी एका जागी आल्या. कारखान्याला पाणी घ्यायलाही लागते आणि सोडायलाही. पाताळगंगेने दोन्ही गरजा भागवल्या.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना रसायनीला उभा राहिला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रिलायन्सचा पॉलिएस्टरचा कारखाना पाताळगंगेच्या काठी आला. खोपोली, रसायनी, पाताळगंगा या पट्ट्यात रसायने, कागद, धातू आणि औषधे यांचे उद्योग वाढत गेले. यांतल्या अनेक रसायनांचा मूळ कच्चा माल तेलातूनच येतो. बेंझिन, टोल्यूइन, झायलिन ही त्यांची ओळखीची नावे, आणि हीच द्रव्ये तेलविहिरीतून वर येणाऱ्या पाण्यातही विरघळलेली असतात. नदीकाठच्या उद्योगांचा हिशेब साधा होता. नदीत एवढे पाणी वाहते, त्यात आपले एवढे मिसळले तर कळणारही नाही. पण ज्या प्रवाहाच्या भरवशावर हा हिशेब केला, तो प्रवाह वीज कधी आणि किती करायची यावर अवलंबून होता. केंद्रातून पाणी कमी सुटले की नदी बारीक होते, पण कारखान्याचे सांडपाणी त्या प्रमाणात घटत नाही. उलट, २४ जुलै १९८९ च्या पुराने पाताळगंगेचा तो पॉलिएस्टर कारखाना पाण्याखाली घातला. जी नदी आपली घाण निमूटपणे वाहून नेईल असे गृहीत धरले होते, ती कधी रोडावते आणि कधी अंगावर येते, हे या पट्ट्याने एकाच पिढीत पाहिले.

१९ फेब्रुवारी १९७४ रोजी ‘सागर सम्राट’ या तेलखोदाईच्या रिगने मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, मुंबई हायमध्ये, तेल शोधले आणि पुढच्याच महिन्यात संसदेने केलेला जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा लागू झाला. त्याआधी महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःचा कायदा केला होता आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळही स्थापन झाले होते. म्हणजे मुंबई हायचा उद्योग आणि पाण्याचा कायदा एकाच काळातले आहेत. तेल खोदताना सांडपाणी दोन प्रकारचे निघते. पहिले खोदकामाचे: विहीर पाडताना बेंटोनाइट माती आणि बराइट यांचा चिखल आत सोडतात. तो ड्रिलच्या टोकाला थंड ठेवतो, खालच्या दाबाला तोलून धरतो आणि खडकाचा चुरा वर आणतो. हे काम काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे असते. दुसरे पाणी विहीर चालू असेपर्यंत निघत राहते. तेल ज्या चुनखडकाच्या छिद्रांत साठलेले असते, तिथे लाखो वर्षांचे खारट पाणीही असते, आणि तेलाबरोबर तेही वर येते. त्यात तेलाचे सूक्ष्म थेंब, विरघळलेली बेंझिनवर्गीय द्रव्ये आणि फिनॉल, थोडे धातू, शिवाय तेल-पाणी वेगळे करण्यासाठी आणि नळ गंजू नयेत म्हणून घातलेली रसायने असतात. उद्योगातले लोक त्याला प्रोड्यूस्ड वॉटर म्हणतात.

या पाण्याचा एक गुण इथे सर्वांत महत्त्वाचा आहे. तेलक्षेत्र तरुण असते तेव्हा हे पाणी थोडे असते, आणि क्षेत्र म्हातारे होते तसे ते वाढत जाते. तेल निघून गेलेल्या जागेत खालचे पाणी सरकते. त्यातच दाब टिकवण्यासाठी वरून पाणी भरावे लागते. मुंबई हायमध्ये १९८४ पासून समुद्राचे पाणी प्रक्रिया करून खडकात सोडले जाऊ लागले, आणि भरलेले पाणी कालांतराने उत्पादनाच्या विहिरींपर्यंत पोचतेच. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झालेल्या या क्षेत्राने १९८० च्या दशकात दिवसाला चार लाख बॅरलांहून अधिक तेल देऊन आपले शिखर गाठले. त्यानंतर तेल उतरत गेले आणि पाण्याचा वाटा चढत गेला. सांडपाण्याचा प्रश्न तेलाबरोबर संपत नाही, तेल संपत आले की तो मोठा होतो. नदीकाठच्या कारखान्यात उत्पादन घटले की सांडपाणीही घटते. तेलक्षेत्रात नेमके उलटे घडते. म्हणून नदीकाठी जी चूक झाली, तिची पुनरावृत्ती समुद्रात अधिक महाग पडते.

कायद्याने या बाबतीत एक मोलाचे पाऊल टाकले. पर्यावरण संरक्षण नियमांमध्ये तेल खोदकामाच्या सांडपाण्याची मानके आहेत. त्यानुसार समुद्रात सोडायच्या पाण्यातले तेल ९५ टक्के तपासण्यांमध्ये लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत हवे आणि ते १०० च्या वर कधीच जाता कामा नये. हे प्रमाण पाणी न मिसळता मोजायचे, ही त्यातली अट सर्वांत अर्थपूर्ण आहे. नदीकाठची जुनी युक्ती, म्हणजे स्वच्छ पाणी ओतून आकडा खाली आणणे, इथे नियमानेच बंद केली. २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी डिझेलवर आधारलेला खोदकामाचा चिखल वापरायला मनाई केली आणि बराइटमधल्या पारा व कॅडमियम यांच्यावर मर्यादा घातली. म्हणजे घाण बाहेर पडल्यावर धुण्याऐवजी ती आत जाऊच नये, हा विचार कागदावर आला. पण मर्यादा प्रमाणाची राहिली, एकूण तेलाची नाही. लिटरला ४० मिलिग्रॅम म्हणजे घनमीटरला ४० ग्रॅम. दिवसाला दहा हजार घनमीटर पाणी सोडणारे एखादे कल्पित केंद्र धरले, तर नियम पाळूनही ते रोज ४०० किलो तेल समुद्रात सोडेल. पाणी दुप्पट झाले तर तेही ८०० किलो होईल. आकडा ४० वरच राहील आणि अहवालात सगळे ठीक दिसेल. पाण्याचे प्रमाण वाढतच जाणार हे माहीत असलेल्या उद्योगाला असा नियम अपुरा पडतो. युरोपातल्या उत्तर समुद्राच्या देशांनी ओस्पार कराराखाली २००१ मध्ये ही फट ओळखली. त्यांनी मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅमवर आणायचे ठरवले आणि त्याच्या जोडीला, पाण्यावाटे जाणारे एकूण तेल २००० च्या तुलनेत २००६ पर्यंत १५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्टही ठेवले.

यावर पहिला आक्षेप असा की समुद्र अफाट आहे. काहीशे मीटरांतच हे पाणी इतके पातळ होते की मासे मरत नाहीत. यात तथ्य आहे. प्रक्रिया केलेल्या पाण्याने लगेच मासेमारी बुडते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण तपासणी प्रामुख्याने तेलाच्या थेंबांची होते. विरघळलेली द्रव्ये त्या आकड्यात पुरती येत नाहीत आणि त्यांचा परिणाम एका दिवसात दिसत नाही. शिवाय अफाटपणाचा युक्तिवाद नदीच्या बाबतीतही केला गेला होता, आणि नदी पुरेशी अफाट नाही हे नंतर कळले. समुद्रकिनाऱ्यानेही इशारे दिले आहेत. मे १९९३ मध्ये मुंबई हायहून उरणला येणारा नळ फुटून काही हजार टन तेल समुद्रात गेले. ३ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी उरणच्या तेल-वायू प्रकल्पात पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या गटारात आग लागली आणि चार जणांचा जीव गेला. त्यांत औद्योगिक सुरक्षा दलाचे अग्निशामक जवान होते. या घटना अपघाताच्या आहेत, रोजच्या सांडपाण्याच्या नाहीत, हा फरक मान्य केला पाहिजे. तरीही जे पाणी टाकाऊ समजून नजरेआड केले जाते, त्याची वाट मुख्य उत्पादनाइतक्याच काळजीने राखावी लागते, हे त्या गटाराने दाखवले.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे: हे पाणी समुद्रात सोडायचेच कशाला, पुन्हा खडकात भरावे. तत्त्वतः ही उत्तम दिशा आहे, कारण दाबासाठी पाणी भरावेच लागते. पण त्यातले तेल, गाळ आणि जिवाणू काढले नाहीत तर खडकाची छिद्रे बुजतात, विहिरी गंजतात आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. त्यामुळे यात खर्च वाढतो आणि चोख प्रक्रिया लागते. जमिनीवरच्या रिकाम्या विहिरींत पाणी भरायचे तर आपले नियम किमान १००० मीटर खोलीची आणि तेल-गाळाच्या मर्यादेची अट घालतात, आणि ती अट योग्य आहे. अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये तेलाचे सांडपाणी खोल खडकात भरल्याने भूकंप वाढले. ३ सप्टेंबर २०१६ चा पॉनीचा भूकंप ५.८ तीव्रतेचा होता. १९६७ चा कोयना धरणाजवळचा भूकंप अनुभवलेल्या महाराष्ट्राला, पाण्याचा आणि जमिनीखालच्या ताणाचा संबंध असतो हे वेगळे सांगायला नको. याचा अर्थ पाणी खडकात भरूच नये असा नाही. ज्या थरातून ते आले त्याच थरात, दाब मोजत, नोंदी ठेवत ते परत पाठवावे, एवढाच याचा अर्थ आहे.

तिसरा आक्षेप देशाच्या गरजेचा. भारत आपल्या गरजेच्या ८० टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. अशा वेळी घरच्या तेलावर नवा भार का टाकायचा? उत्तर असे की हा भार नवा नाही, तो फक्त आज दुसऱ्यांच्या खात्यावर टाकलेला आहे. पाताळगंगेच्या बाबतीत तो काठच्या गावांच्या विहिरींवर आणि खाडीतल्या मासेमारीवर पडला. समुद्रात तो उरण-अलिबागच्या कोळ्यांवर आणि पुढच्या पिढीवर पडेल. घरचे तेल स्वस्त आहे असे म्हणायचे तर त्याच्याबरोबर येणाऱ्या पाण्याची किंमत त्यात धरली पाहिजे. आणि ती धरूनही ते तेल घेणे परवडते, असेच माझे मत आहे. मागणी खोदकाम बंद करण्याची नाही, हिशेब पुरा ठेवण्याची आहे.

इथे माथेरान पुन्हा उपयोगी पडते. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी या डोंगराकडे पहिल्यांदा लक्ष वेधले, तेव्हापासून तिथले सगळेच नीट सांभाळले गेले असा दावा करता येणार नाही. पण माथेरानचे जे टिकले, ते धूर गाळून टिकले नाही, मोटारी वर येऊ न दिल्याने टिकले. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतीचा सुमारे २१४ चौरस किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, तेव्हाही भर मुळातच रोखण्यावर होता. त्याच डोंगराच्या पायथ्याशी पाताळगंगेच्या काठाने घाण शेवटच्या टोकाला मोजण्याचा मार्ग धरला. दोन्ही पद्धती एकाच जिल्ह्यात शेजारी-शेजारी वाढल्या आणि त्यांची फळे आपल्या समोर आहेत. तेलविहिरी समुद्रात बंद करता येणार नाहीत, पण नियम मुळाशी नेता येतो. प्रत्येक प्लॅटफॉर्मवरून वर्षाला किती पाणी सुटले, त्यातून एकूण किती तेल गेले आणि किती पाणी खडकात परत भरले, हे तीन आकडे जाहीर झाले पाहिजेत. परवानगी देताना प्रमाणाबरोबर एकूण तेलाचीही मर्यादा असावी आणि ती क्षेत्र म्हातारे होत जाईल तशी खाली यावी. मुंबई हायमधून आणखी तेल काढण्यासाठी तिथले तेल काढणाऱ्या ओएनजीसी या सरकारी कंपनीने २०२५ मध्ये बीपी या ब्रिटिश कंपनीचे तांत्रिक साह्य घेतले आहे. नव्या गुंतवणुकीचा आराखडा ठरत असताना वाढत्या पाण्याची सोय त्यात सुरुवातीलाच घालता येते. उत्पादन शेवटच्या टप्प्याला आल्यावर त्यासाठी पैसाही उरणार नाही आणि जबाबदारी घ्यायला कुणी पुढेही येणार नाही.