वठलेल्या झाडाचा खटला : ब्यावोव्येझाचं जंगल आणि युरोपचा कायदा

आजच्या व्याख्यानाचा विषय कागदावर जरा कोरडा दिसतो : युरोपचं पर्यावरण धोरण आणि तिथली जंगलं. ‘धोरण’ हा शब्द ऐकला की अर्धं सभागृह मनातल्या मनात उठून जातं, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून धोरणाकडे आपण थोडं उशिरा येऊ. सुरुवात करू एका वठलेल्या झाडापासून.

उभ्या उभ्या वाळलेलं एक मोठं झाड डोळ्यांपुढे आणा. साल सुटत चाललीय, खोडाला भोकं पडलीत. त्याचं काय करायचं? शेजारच्या गावातला माणूस म्हणेल, सरपण आहे, घेऊन जाऊ द्या. जंगल खात्याचा अधिकारी म्हणेल, तोडा, नाहीतर कीड शेजारच्या झाडाला लागेल. कुजायच्या आत विकलं तर चार पैसे येतील. तिसरा कुणी म्हणेल, राहू द्या, आत कुणाचं तरी घर आहे. या तीन उत्तरांच्या भांडणातून २०१७ साली युरोपच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला उभा राहिला. त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

जागा आहे पोलंड आणि बेलारूस यांच्या सरहद्दीवर. जंगलाचं नाव ब्यावोव्येझा. उच्चार पहिल्यांदा जिभेवर बसत नाही, पण दोन-तीनदा म्हटलं की जमतं. दोन्ही देशांत मिळून सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर, त्यातलं सहाशेच्या आसपास पोलंडकडे. ओक, हॉर्नबीम, लिंडन, पाइन, स्प्रूस अशी मिश्र झाडी. युरोपच्या सपाट मैदानावर एके काळी असंच रान पसरलेलं होतं. आज त्याचा एवढा मोठा तुकडा दुसरीकडे जवळपास उरलेला नाही.

मग हाच कसा उरला? उत्तर थोडं अवघड वाटेल असं आहे : शिकारीच्या हौसेमुळे. शतकानुशतकं हे पोलिश राजांचं आणि लिथुआनियाच्या सरदारांचं राखीव शिकारीचं रान होतं. तिथे ‘झुब्र’ नावाचा प्रचंड प्राणी राहतो, म्हणजे युरोपचा बायसन. आपल्या गव्याच्या कुळातला, पण गवा नव्हे. अंगावर दाट लोकर असलेला, थंडीतला. त्याला मारायचा मान राजाचा, म्हणून त्याचं रानही राजाचं. १७९५ मध्ये पोलंडचे लचके तोडले गेले, तेव्हा हा भाग रशियाकडे गेला आणि पुढे झारांनीही तिथे शिकारीसाठी राजवाडा बांधला. सामान्य माणसाला बंदी होती, आणि त्या बंदीत जंगल तगलं. हे लक्षात ठेवा, कारण त्या बंदीची आठवण गावांत फार काळ टिकते.

पहिल्या महायुद्धाने हे सगळं मोडलं. १९१५ मध्ये जर्मन सैन्य आलं. त्याने जंगलात अरुंद रुळांची रेल्वे टाकली, करवतीचे कारखाने उभे केले आणि ओंडके बाहेर काढायला सुरुवात केली. युद्धाच्या धामधुमीत भुकेलेले सैनिक आणि चोरटे शिकारी झुब्रांच्या मागे लागले. १९१९ मध्ये इथला शेवटचा रानटी झुब्र मारला गेला. युद्धानंतर स्वतंत्र झालेल्या पोलंडला पैशांची निकड होती. सरकारने १९२४ मध्ये एका ब्रिटिश कंपनीला तोडीचा ठेका दिला, तो १९२९ पर्यंत चालला.

पण त्याच काळात उलटं कामही सुरू झालं. १९२१ मध्ये जंगलाच्या गाभ्याला संरक्षण मिळालं, १९३२ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. प्राणिसंग्रहालयांत आणि खासगी कुरणांत जे मोजके झुब्र उरले होते, त्यांतले काही १९२९ पासून इथे आणून वाढवले गेले. १९५२ मध्ये पहिले झुब्र पुन्हा मोकळ्या रानात सोडले. आज तिथे त्यांची संख्या शेकड्यांत आहे. १९७९ मध्ये युनेस्कोने या उद्यानाला जागतिक वारसा म्हटलं. मात्र एक गोष्ट नीट बघा : पोलंडच्या हद्दीतल्या जंगलाचा साधारण सहावा हिस्साच राष्ट्रीय उद्यान आहे. उरलेलं बहुतेक जंगल सरकारी वन खात्याच्या हातात. आणि हे खातं आपला खर्च मुख्यतः लाकूड विकून भागवतं.

आता जरा मागे जाऊ, कारण या खात्याची विचार करायची पद्धत युरोपात फार जुनी आहे. सॅक्सनीमध्ये चांदीच्या खाणींना लाकूड कमी पडू लागलं, तेव्हा हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स या खाणींच्या कारभाऱ्याने १७१३ मध्ये एक ग्रंथ लिहिला. जेवढं वाढतं तेवढंच तोडा, म्हणजे लाकूड कायम पुरेल, हा त्याचा गाभा. हा विचार त्या काळात मोठाच होता. पण त्यातून पुढे जे शास्त्र घडलं, त्याच्या लेखी जंगल म्हणजे घनमीटर. एकाच वयाची, एकाच जातीची, सरळ रांगेत लावलेली झाडं. म्हातारं, वाकडं, वठलेलं झाड म्हणजे तोटा.

हे शास्त्र आपल्याकडेही आलं. १८६४ मध्ये हिंदुस्थानच्या जंगलांचे पहिले इन्स्पेक्टर जनरल झाले ते डीट्रिख ब्रँडिस, बॉनमधून आलेले जर्मन. त्यांच्या नंतरचे दोघेही जर्मनच. आपल्याकडे वन खाते तोडीच्या पट्ट्याला ‘कूप’ म्हणते. हा शब्दसुद्धा त्याच शाळेतून आलेला, मूळ फ्रेंच. तेव्हा ब्यावोव्येझाचं भांडण आपल्याला वाटतं तितकं परकं नाही.

आता धोरणाकडे येऊ. युरोपीय संघाच्या मूळ करारांत जंगलांसाठी वेगळं कलमच नाही. शेतीचं धोरण सामायिक, मासेमारीचं सामायिक, पण जंगल ज्या त्या देशाचं. मग ब्रसेल्सला पोलंडच्या झाडात बोलायचा अधिकार आला कुठून? तो आला पक्ष्यांच्या वाटेने. १९७९ मध्ये संघाने पक्षी निर्देश काढला. पक्षी सरहद्द ओळखत नाहीत, तेव्हा एका देशाने घरटी राखायची आणि दुसऱ्याने तीच मोडायची, हे चालणार नाही, असा त्यामागचा साधा विचार. १९९२ मध्ये अधिवास निर्देश आला. त्यात प्राणी, वनस्पती, कीटक आणि जंगलांचे प्रकार यांच्या याद्या होत्या. दोन्ही निर्देशांतून ‘नॅचुरा २०००’ नावाचं संरक्षित क्षेत्रांचं जाळं उभं राहिलं. आज संघाच्या सुमारे १८ टक्के जमिनीवर ते पसरलेलं आहे. पोलंड १ मे २००४ रोजी संघात आला आणि अख्खं पोलिश ब्यावोव्येझा या जाळ्यात गेलं. उद्यानही आणि वन खात्याचं जंगलही.

अधिवास निर्देशाचं सहावं कलम या सगळ्याचा कणा आहे. सोप्या भाषेत ते असं म्हणतं : संरक्षित क्षेत्रावर मोठा परिणाम करू शकणारं काम काढायचं असेल, तर आधी तपासणी करा, आणि नुकसान होणार नाही याची खात्री पटली तरच परवानगी द्या. २००४ मध्ये नेदरलँड्सच्या वाडन समुद्रातल्या शिंपल्यांवरून एक खटला झाला. त्यात न्यायालयाने ‘खात्री’चा अर्थ स्पष्ट केला : वाजवी शास्त्रीय शंका शिल्लक राहता कामा नये. तोवर जगभर रीत काय होती? तोडणारा तोडत राहायचा आणि वाचवणाऱ्याने नुकसान सिद्ध करायचं. इथे सिद्ध करायचं ओझं तोडणाऱ्याच्या डोक्यावर आलं. आमच्या मते युरोपच्या जंगलांच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा बदल आहे.

त्याची परीक्षा झाली ब्यावोव्येझात. गेल्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या स्प्रूसवर एका भुंगेऱ्याची साथ आली. जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा किडा, पण सालीखाली अंडी घालतो आणि अळ्या झाडाचा रसवाहक थर खाऊन टाकतात. साथ मोठी होती आणि हजारो झाडं वाळली. ब्यावोव्येझा वनविभागाला २०१२ ते २०२१ या दहा वर्षांसाठी ६३,४७१ घनमीटर लाकडाचा कोटा होता. तो चारेक वर्षांतच जवळपास संपला. मार्च २०१६ मध्ये पर्यावरण मंत्री यान शिश्को यांनी तो १,८८,००० घनमीटरवर नेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये वन खात्याने तिन्ही वनविभागांत वाळलेली आणि कीड लागलेली झाडं काढायचा आदेश दिला. शंभर वर्षांवरच्या झाडांनाही त्यातून सूट नव्हती. जंगलात मोठमोठी तोडयंत्रं शिरली. काही लोकांनी त्या यंत्रांना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं.

सरकारचं म्हणणं होतं, आम्ही जंगल वाचवतोय. कीड थांबवली नाही तर तुमचे संरक्षित अधिवासच नष्ट होतील. म्हणणं वरवर पटण्यासारखं आहे. पण वठलेल्या झाडात राहतं कोण, ते बघा. तीन बोटांचा सुतार पक्षी, जो याच भुंगेऱ्याच्या अळ्या खातो. पांढऱ्या पाठीचा सुतार पक्षी. सुताराने कोरलेल्या ढोलीत राहणारा छोटा पिंगळा. आणि सालीखाली जगणारे दुर्मीळ लाल-काळे भुंगेरे, ज्यांना मेलेल्या लाकडावाचून दुसरं जगच नाही. हे सगळे युरोपच्या याद्यांमध्ये आहेत. एका भुंगेऱ्यापासून जंगल वाचवायला निघालेलं यंत्र दुसऱ्या भुंगेऱ्याचं घर उचलून नेत होतं.

युरोपीय आयोगाने जुलै २०१७ मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयात धाव घेतली. २७ जुलैला तोड थांबवायचा अंतरिम आदेश निघाला. सार्वजनिक सुरक्षेपुरती त्यात सवलत होती. पोलंडने त्याच सवलतीवर बोट ठेवून तोड चालू ठेवली. मग २० नोव्हेंबरला न्यायालयाने बजावलं : आदेश मोडल्याचं आढळलं तर रोज किमान एक लाख युरो दंड. अंतरिम टप्प्यावर अशी तंबी ही नवीच गोष्ट होती. यंत्रं थांबली. जानेवारी २०१८ मध्ये शिश्को यांचं मंत्रिपद गेलं. १७ एप्रिल २०१८ रोजी निकाल आला आणि पोलंड हरला. न्यायालयाने पोलंडचाच कागद पुढे धरला. या क्षेत्राच्या संरक्षणाचा जो आराखडा पोलंडने २०१५ मध्ये स्वतः केला होता, त्यात भुंगेऱ्याला धोका म्हटलेलं नव्हतं. धोका म्हणून नोंद होती ती मेलेली आणि मरणारी झाडं काढून नेण्याची.

मंडळी, इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण गोष्ट इतकी सरळ नाही. जंगलाच्या कडेला हाय्नुफ्का हे गाव आहे, लाकडावर वाढलेलं. तिथल्या अनेकांना हा निकाल आपल्या बाजूचा वाटला नाही. त्यांच्या आज्यापणज्यांनी राजाची बंदी पाहिली, झारची पाहिली, आणि आता ब्रसेल्सची. डोळ्यांपुढे लाकूड कुजतंय आणि थंडीत सरपण विकत आणायचं, हा राग खोटा नाही. पोलंडमध्ये स्थानिक पंचायतींच्या संमतीशिवाय राष्ट्रीय उद्यान वाढवता येत नाही, आणि ब्यावोव्येझाच्या भोवतीची संमती वर्षानुवर्षं अडलेली आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर जो कोरडा ओढला, तो आठवा. गावाची गायरानं आणि रानं खात्याने गिळली, ही त्यांची तक्रार होती. दुरून आलेला कायदा कितीही शहाणा असला, तरी कडेला राहणाऱ्याला तो कुंपणासारखाच दिसतो. सहाव्या कलमात सुतार पक्ष्यासाठी जागा आहे. सरपणासाठी वणवण करणाऱ्याचं काय, याचं उत्तर त्यात नाही.

दुसरी मर्यादा आणखी कठोर आहे. २०२१ मध्ये बेलारूसच्या बाजूने निर्वासितांचे लोंढे येऊ लागले, तेव्हा पोलंडने सरहद्दीवर साडेपाच मीटर उंचीची पोलादी भिंत बांधली. लांबी १८६ किलोमीटर, आणि ती याच जंगलातून जाते. तिच्यासाठी खास कायदा करून पर्यावरणाच्या तपासणीतूनच तिला वगळलं. एका झाडासाठी मागितलेली खात्री भिंतीसाठी कुणी मागितली नाही. लांडगा, लिंक्स आणि झुब्र आता दोन जंगलांत राहतात.

तरीही कायदा पुढे सरकलाच. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा पोलंडविरुद्ध निकाल दिला. वन व्यवस्थापनाच्या आराखड्यांना पर्यावरण संस्थांना कोर्टात आव्हान देता आलं पाहिजे, असं त्यात म्हटलं. आणि १७ जून २०२४ रोजी संघाने निसर्ग पुनःस्थापनेच्या कायद्याला अंतिम मंजुरी दिली. त्यात जंगलांची तब्येत मोजायला सात निकष दिलेत आणि त्यांतल्या किमान सहांमध्ये प्रत्येक देशाने सुधारणा दाखवायची आहे. त्यातला एक निकष आहे उभं मेलेलं लाकूड. दुसरा, आडवं पडलेलं मेलेलं लाकूड.

कार्लोवित्सच्या वारसांनी तीनशे वर्षं जे तोट्याच्या रकान्यात लिहिलं, ते आता जमेच्या रकान्यात लिहायचं आहे. हिशेबाची वही तीच, खातंही तेच. फक्त वठलेल्या झाडाची नोंद जागा बदलून गेली. ही नोंद करणारा हात हाय्नुफ्काच्या माणसाचाही असेल का, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, असं आम्हाला वाटतं. आणि आपल्याकडच्या कूपांमध्ये, आपल्या रानांच्या कडेला राहणाऱ्यांच्या बाबतीतही हाच प्रश्न आहे.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न ऐकायला आवडतील.