पिंपातून डब्यात

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात फोर्ट वेन नावाचे शहर आहे. तिथल्या जेक गंपर या किराणा दुकानदाराकडे 1885 साली लोण्याला रॉकेलचा वास येत असे. लोण्याचे आणि रॉकेलचे अशी दोन्ही पिंपे दुकानात शेजारी शेजारी उभी असत. रॉकेलचे लाकडी पिंप झिरपायचे आणि शेजारचे लोणी वाया जायचे. सिल्व्हेनस बाउझर या फिरत्या विक्रेत्याने यावर तोड काढली. एका पिंपाएवढे रॉकेल मावेल अशी गोल टाकी, तिच्यात वर-खाली होणारा लाकडी दट्ट्या आणि संगमरवरी गोट्यांच्या झडपा, एवढाच तो सरंजाम होता. दांडा उचलला की मोजके रॉकेल गिऱ्हाइकाच्या भांड्यात पडे आणि सोडला की उरलेले टाकीत परत जाई. त्या वर्षीच्या 5 सप्टेंबरला बाउझरने हा पहिला पंप गंपरला विकला. पुढे मोटारी आल्या. 1905 मध्ये बाउझरचाच स्वतः मोजून देणारा पेट्रोलपंप बाजारात आला, आणि आज रस्त्यारस्त्यावर दिसणाऱ्या पेट्रोलपंपांचे कूळ असे एका वाण्याच्या लोण्यापर्यंत जाऊन पोचते.

खनिज तेलाचा इतिहास लिहिणारे विहिरींविषयी, जहाजांविषयी, कंपन्यांच्या लढायांविषयी भरभरून लिहितात. मोठ्या भांड्यातून लहान भांड्यात तेल कसे उतरले, ही हातभर अंतराची गोष्ट मात्र कुणी फारशी सांगत नाही. खरे तर सांडणे, मापात मारणे, पोटात जाणे, अंगावर उडणे हे सगळे त्या हातभर अंतरातच घडते. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने त्यात अवघड काहीच नव्हते. दट्ट्या आणि झडपांचा पंप अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बांधला होता. हवेचा दाब पाण्याला सुमारे दहा मीटरपर्यंत चढवू शकतो हे सतराव्या शतकात टॉरिचेल्लीने उलगडले. पिंपाची उंची जेमतेम मीटरभर, म्हणजे जोर लावायचा प्रश्न कधी नव्हताच. प्रश्न होते ते पंप कशाचा करायचा, तो कुणाला परवडणार आणि त्याच्याअभावी कुणाचे हात त्या द्रवात बुडणार, हे.

हिंदुस्थानात रॉकेल आले ते पिंपातून नव्हे, डब्यातून. अमेरिकन कंपन्या पत्र्याचे दोन चौकोनी डबे एका लाकडी खोक्यात बसवून जहाजांनी पाठवत. खोकी रचायला सोपी आणि बैलगाडीत घालून थेट आडगावच्या बाजारापर्यंत नेता येत. मग तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या बाकूचे तेल स्पर्धेत उतरले. लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युअल यांनी तेल डब्यांऐवजी जहाजाच्या पोटातच भरून आणायचे ठरवले. त्यांचे ‘म्युरेक्स’ हे जहाज बाटुम बंदरात भरलेले हे रशियन रॉकेल घेऊन ऑगस्ट 1892 मध्ये सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेले. पुढच्या काही वर्षांत आशियातल्या बंदरांत तेलाच्या मोठमोठ्या टाक्या उभ्या राहिल्या. सॅम्युअल यांचा हिशेब सरळ होता: डब्याचा खर्च वाचेल, तेल स्वस्त पडेल, गिऱ्हाईक आपापले भांडे घेऊन येईल.

गिऱ्हाईक आलेच नाही. लोकांना तेलाइतकाच डबाही हवा होता. शेवटी सॅम्युअल यांना पत्रा जहाजाने पूर्वेकडे पाठवून तिथेच डबे बनवून घ्यावे लागले. स्टँडर्ड ऑइल या अमेरिकन कंपनीचे डबे निळे होते, म्हणून सॅम्युअल यांनी आपले झगझगीत लाल रंगवले.

लोकांचा हट्ट किती शहाणपणाचा होता हे ज्याने रॉकेलचा रिकामा डबा वापरला आहे त्याला सांगावे लागत नाही. चार गॅलनचा, म्हणजे अठरा लिटरांचा तो डबा वरून कापून आडवी लाकडी दांडी ठोकली की पाण्याची बादली झाली. झाकण बसवले की धान्याची कोठी, तळाला भोके पाडली की तुळशीची कुंडी. उभा चिरून सपाट केला की झोपडीची भिंत आणि छप्परसुद्धा. बांबूच्या दोन टोकांना दोन डबे अडकवून पाणी वाहणारे पाणके मुंबईत वर्षानुवर्षे दिसत. न्हाणीघरात पाणी तापवायला तोच डबा, चुन्याची निवळी ठेवायला तोच, आणि लग्नात रस्सा वाढणाऱ्याच्या हातातही तोच. कंपनीने तेल विकले, पण लोकांनी घराघरांत भांडे विकत घेतले असे म्हणणे जास्त बरोबर ठरेल.

डबा फोडण्याचीही रीत होती. वरच्या पत्र्याला समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन भोके पाडायची, एक तेलाला आणि एक हवेला. हवेचे भोक विसरले की तेल गचके देत येते आणि निम्मे जमिनीवर जाते. दुकानात मग नरसाळे, टांगलेली मापे आणि पत्र्याचा हातपंप आला. या पंपाला रचना अशी फारशी नव्हतीच: डाक लावून जोडलेली हातभर लांब नळी, वर वाकडी तोटी, आत कातड्याची चकती लावलेला दट्ट्या आणि तळाशी एक साधी झडप. नळी डब्यात सोडायची आणि मूठ खाली-वर करायची. कातडे सुकले की पंप ओढत नसे. मग थोडे तेल सोडून ते भिजवायचे. डाक निघाली की कल्हईवाल्याकडे न्यायचा. चाळीतल्या आणि खेड्यातल्या घरांतही हा पंप खुंटीला टांगलेला असे, आणि त्याच्या टोकाखाली तेलाचे थेंब झेलायला जुनी वाटी ठेवलेली असे.

रॉकेल रोज थोडेथोडे काढावे लागे, कारण ते जळायचेही थोडेथोडे. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंच्या कारखान्याने ‘प्रभाकर’ कंदील बनवले आणि ते महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. प्रभाकर कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेल्यांची एक मोठी पिढीच आहे. स्वीडनमध्ये 1892 मध्ये निघालेला प्रायमस स्टोव्ह मुंबई-पुण्यातल्या बिऱ्हाडांत चुलीच्या जागी आला. कंदिलाची टाकी, स्टोव्हची टाकी, चिमणीची बुधली यांची तोंडे बोटभर रुंद होती. तिन्हीसांजेला त्या तोंडांत न सांडता तेल भरणे हे घरातल्या बाईचे किंवा थोरल्या मुलीचे काम होते. पंप असलेल्या घरात ते सोपे होते.

पंप नसला की तोंड होते. रबराची नळी डब्यात सोडायची, दुसरे टोक ओठांत धरून ओढायचे आणि तेल जिभेवर यायच्या आत नळी खाली करायची. ट्रकचे क्लीनर, शेतावर इंजिन चालवणारे गडी, गॅरेजमधली पोरे यांना हे अजूनही करावे लागते. रॉकेल किंवा डिझेल गिळण्यापेक्षा ते श्वासातून फुप्फुसात जाणे जास्त घातक असते. हे द्रव पातळ असल्याने फुप्फुसात झपाट्याने पसरतात आणि तिथे सूज आणतात. म्हणूनच रॉकेल प्यायलेल्या मुलाला मुद्दाम उलटी करायला लावू नका असे डॉक्टर बजावतात. उलटीबरोबर तेच तेल श्वासनलिकेत उतरते. पत्र्याच्या त्या स्वस्त पंपाने किती जणांना या दुखण्यातून वाचवले असेल याची मोजदाद कुठल्याच दप्तरात नाही. माणसाचे तोंड त्या नळीपासून दूर नेणे हेच त्याचे सर्वांत मोठे काम होते.

डब्याच्या वरचे भांडे म्हणजे लोखंडी पिंप. ते घडवण्याशी एका स्त्रीचे नाव जोडलेले आहे, आणि तीही साधीसुधी नव्हे. 1889–90 मध्ये 72 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पत्रकार नेली ब्लाय. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने आयर्न क्लॅड मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी चालवली. तिथला तंत्रज्ञ हेन्री वेअरहान याने पोलादी पिंपाच्या रचनेची एकस्वे 1905 च्या अखेरीस मिळवली आणि ती ब्लायच्या मालकीची झाली. गळणाऱ्या लाकडी फळ्यांच्या जागी पोलादी पत्रा आला आणि पोटावरच्या उंच वलयांमुळे एकटा माणूस भरलेले पिंप गडगडत नेऊ शकला. दोनशे लिटरांच्या आजच्या पिंपाच्या डोक्यावर दोन बुचे असतात, एक दोन इंची आणि एक पाऊण इंची. मोठ्यात पंप फिरवून बसवायचा आणि धाकटे हवेसाठी सैल करायचे. डब्याच्या दोन भोकांचीच ही पोलादी आवृत्ती.

दुसऱ्या महायुद्धात या पिंपांचा पूर आला. आसामातल्या छबुआ, दिनजान अशा धावपट्ट्यांवरून हिमालय ओलांडून चीनकडे जाणारी विमाने इंधनाची पिंपे पोटात घालून नेत. पलीकडे टाकी-नळाची सोय नसेल तिथे माणसे हातपंपाने पिंपातले पेट्रोल विमानात चढवत. युद्ध संपले आणि पिंपे बाजारात राहिली.

स्वातंत्र्यानंतर ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, स्टॅनव्हॅकचा 1954 मध्ये आणि बर्मा-शेलचा त्याच्या पुढच्या वर्षी. 1958 पासून दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने आली आणि गॅलनची जागा लिटरने घेतली. रेशन दुकानाच्या दारातले पिंप, त्यात उभा रोवलेला पंप आणि वजनमापे खात्याचा शिक्का मारलेले लिटरचे माप ही नंतरच्या अनेक दशकांची ओळख झाली. 1972–73 मध्ये मुंबईत बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या तेव्हा धान्य, तेल, साखरेबरोबर रॉकेलही त्यांच्या रोजच्या हलाखीचा भाग होते. तासन्‌तास रांगेत उभ्या राहिलेल्या बाईची नजर पंपाच्या दांड्यावर असे. दांडा पुरता वर जातो की नाही, मापावरचा फेस बसू देतात की नाही, यावर तिचे दोन दिवसांचे जेवण ठरायचे. पुढे रेशनच्या रॉकेलला निळा रंग देण्यात आला, म्हणजे ते खुल्या बाजारात किंवा डिझेलमध्ये मिसळले तर ओळखू यावे.

पत्रा, पितळ, बीड यांच्या पंपांचे राज्य तेलापुरते होते. आम्लापुढे ते हरत. गंधकाम्ल, मिठाचे आम्ल हे द्रव काचेच्या मोठ्या बुधल्यांतून यायचे. बुधला गवताच्या पेंढीत आणि वेताच्या टोपलीत बसवलेला असे, आणि कारखान्यातला मजूर तो कलता करून ओतत असे. बुधला निसटला, मान फुटली, शिंतोडा उडाला की कातडी आणि डोळे जात. इथे धातूचा पंप उपयोगाचा नव्हता, कारण आम्ल आधी पंपच खाऊन टाकी.

यावरचे उत्तर मिळाले ते जर्मनी आणि इटलीतून. कार्ल त्सीग्लर यांनी 1953 मध्ये कमी दाबावर कडक पॉलिइथिलीन बनवण्याची रीत शोधली, आणि पाठोपाठ ज्युलिओ नात्ता यांनी पॉलिप्रॉपिलीन तयार केले. दोघांना 1963 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्लॅस्टिक बहुतेक आम्लांना आणि अल्कलींना दाद देत नाही, गंजत नाही, वजनाला हलके आणि साच्यात घालून पाहिजे त्या आकाराचे काढता येते. महाराष्ट्रात हा उद्योग ठाणे–बेलापूर पट्ट्यात वाढला. तिथे 1968 मध्ये प्लॅस्टिकचा कच्चा माल देणारा, नोसिल कंपनीचा नाफ्था भंजन कारखाना सुरू झाला. प्लॅस्टिकचे निळे पिंप आणि प्लॅस्टिकचा हातपंप दोन्ही याच घराण्यातले. आम्ल उपसण्यासाठी नळी, दट्ट्या, झडप, तोटी सगळे प्लॅस्टिकचे झाले, तेव्हा मजुराला बुधला कलता करण्याच्या कामातून पहिल्यांदा सुटका मिळण्याची शक्यता निर्माण झाली. औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखान्यांना वीजपंप परवडत नाही किंवा दिवसातून दोनच बादल्या आम्ल लागते. तिथे हा काहीशे रुपयांचा पंपच खरा संरक्षक ठरतो.

प्लॅस्टिकच्या पंपाचे सर्वांत लाडके रूप जपानात आहे. हिवाळ्यात रॉकेलच्या शेगड्या पेटवणाऱ्या त्या देशात तेल अठरा लिटरांच्या कॅनमधून येते, आणि घरोघरी लाल फुग्याचा पंप असतो. फुगा चार वेळा दाबला की नळीत तेल चढते. त्यानंतर हात काढून घेतला तरी वरच्या कॅनमधून खालच्या टाकीत ते आपोआप वाहत राहते. थांबवायचे तर वरचे बूच सैल करून हवा आत सोडायची. योशिरो नाकामात्सु या संशोधकाचे सांगणे असे की, मोठ्या बाटलीतून सोयासॉस ओतताना आईची होणारी ओढाताण पाहून त्यांनी चौदाव्या वर्षी या पंपाची कल्पना काढली.

आपल्याकडे रॉकेलचा स्टोव्ह गेला तरी पंप स्वयंपाकघरातून गेला नाही. शेंगदाणा किंवा सोयाबीन तेलाचा पंधरा किलोचा डबा जुन्या रॉकेलच्या डब्याच्याच घडणीचा असतो, आणि त्यातून किटलीत तेल काढायला लहानसा पंप वापरतात. निळी प्लॅस्टिकची पिंपे तर पाण्यासाठी सगळीकडे आहेत. शंभर वर्षांपूर्वी लोकांनी तेलाचा डबा ठेवून घेतला, तसेच आज रसायनांचे पिंप ठेवून घेतात. फरक एवढाच की रॉकेलचा वास नाकाला कळायचा. पिंपात आधी काय होते हे आता विकत घेणाऱ्याला कळत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी अशी पिंपे विकण्यावर कडक नजर असायला हवी.

प्लॅस्टिकच्या पंपाच्या मर्यादाही दुकानदाराने सांगायला हव्यात. पेट्रोल, थिनर यांसारखे ज्वालाग्राही द्रव प्लॅस्टिकच्या नळीतून वाहताना स्थिर वीज साठते आणि एका ठिणगीने भडका उडू शकतो. तिथे भूसंपर्क जोडलेला धातूचा पंपच हवा. आम्लाचा पंप ब्लीचच्या पिंपात घातला तर विषारी क्लोरीन सुटतो, म्हणून एका द्रवाला एकच पंप.

आणि कोणताही पंप पिंप पूर्ण रिकामे करत नाही. नळीचे टोक तळापासून किंचित वर राहते, त्याखालचा थर तसाच उरतो. ती पिंपे आणि डबे भंगारात जातात. धारावीत ते धुऊन, ठोकून, रंगवून पुन्हा विकण्याचा मोठा धंदा आहे. तिथे पिंप आडवे करून तो शेवटचा थर बाहेर काढणाऱ्या कामगारांपैकी अनेकांच्या हातात आजही मोजे नसतात.